आव्वाज कुणाचा?

परवा आमच्या प्रेसमधल्या, कंप्युटरवर पानं जुळवणाऱ्या डीटीपीवाल्या पोराने माझ्या मम्मीचं बोलणं अकरा ठिकाणी शुद्ध करून ठेवलं. म्हणजे माझ्या कथेतल्या मम्मीचं. 'काय करायलीस' चं 'काय करते आहेस', 'कामून' चं 'का', 'कव्हा' चं 'केव्हा'. बिचाऱ्याने चांगल्या मनानेच केलेलं, त्याला वाटलं ताईंनी घाईत टाइप केलंय. मी प्रूफ हातात घेतलं, आधी हसले, मग जरा राग आला, आणि मग आठवलं की तीन वर्षांपूर्वी मी स्वतःच हे करत होते आणि मला तर त्याचा पगारही मिळत नव्हता. तर आज त्याबद्दल. बऱ्याच दिवसांनी लिहितेय, दिवाळी अंकांचा सीझन चालूय, ऑगस्ट लागला की आमच्याकडे घरी जायची वेळ वगैरे काही नसतं, त्यामुळे सांभाळून घ्या.

मी अंबाजोगाईची. बीड जिल्हा. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आमच्याकडे, दासोपंत आमच्याकडचे, ज्यांनी कागद पुरेना म्हणून की काय चाळीस हात लांब पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, 'पंचीकरण' लिहून काढलं. म्हणजे लिहिण्याच्या बाबतीत गाव काही कमी नाही, पण अठराव्या वर्षी हे कुणाला सांगणार, अठराव्या वर्षी मी पुण्यात आले आणि पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या कँटीनमध्ये "सर आज शिकवायले का?" असं विचारलं आणि आख्खा टेबल हसला. वाईट हसले असं नाही म्हणणार, त्यातल्या दोघी आजही माझ्या जिवलग आहेत. पण पुढचे तीन महिने मी फार कमी बोलले आणि खूप ऐकलं, आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा दादा म्हणाला, "ही बघ, पुण्याची झाली."

मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. घरमालकीण आजींनी पहिल्या दिवशी गाव विचारलं, मी सांगितलं, तर त्या एकदम उठून उभ्याच राहिल्या, "अगंबाई, आंबेजोगाई म्हणजे आमची योगेश्वरी की!" कोकणस्थांची कुलदेवता ना ती. तेव्हापासून दर सुट्टीत मी इथून ओटीचं सामान घेऊन जाते आणि तिथून अंगारा घेऊन येते, भाड्यात मात्र एक रुपया कमी नाही. त्याच आजी एकदा म्हणाल्या, "तुझं मराठी तसं बरंच शुद्ध आहे हो." आता लिहिताना लाज वाटते पण त्या वाक्यावर मी दोन दिवस खूश होते.

कॉलेजात असताना लिहिणं सोपं होतं. सोपं म्हणजे चांगलं नव्हे, फक्त सोपं. वार्षिक अंक असतो, त्यात कविता मागतात, कथा मागतात, सर म्हणतात छान आहे, छापून येते, कँटीनमध्ये चार जणं वाचतात. आणि पुरुषोत्तम करंडक असतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, १९६३ पासून चालू आहे, भरत नाट्य मंदिरात होते, आणि एकांकिकेइतकीच भारी असते ती बाहेरची आणि आतली बोंबाबोंब. "अरे आव्वाज कुणाचा?" आणि मग आपल्या कॉलेजचं नाव. मी स्टेजवर कधीच नव्हते, मी बॅकस्टेजला, तालमीत प्रॉम्प्टिंग, आणि शेवटच्या वर्षी एकांकिका मी लिहिली. कशावर? रिडेव्हलपमेंटला गेलेल्या पेठेतल्या वाड्यावर. मी आयुष्यात कधी वाड्यात राहिले नव्हते. दोन म्हातारे भाऊ, एक तुळशीवृंदावन, शेवटी एक भाऊ मरतो. अंतिम फेरीत गेलो नाही. पण प्राथमिकच्या दिवशी दीडशे पोरं माझ्या वाक्यांवर हसली, शिट्ट्या वाजल्या, आणि मला वाटलं झालं, मी लेखिका.

मग कॉलेज संपलं आणि कुणीच काही मागेना. हे कुणी आधी सांगत नाही. अंक मागत नाही, सर मागत नाहीत, ऑगस्ट येतो आणि तालमीचा मेसेज येत नाही. रूममेट दोघी एमपीएससीच्या, पहाटे चारला त्यांचा अलार्म, पाचला अभ्यासिकेत जागा पकडायला पळायच्या, रात्री अकराला परत. त्यांच्यासमोर "मी कथा लिहितेय" म्हणणं म्हणजे उपवासाच्या घरात मटणाचा वास सोडण्यासारखं. घरून फोन आला की तेच, तू पण फॉर्म भर की.

तेव्हा मी हा ब्लॉग सुरू केला. रात्री कॉटवर पांघरुणात मोबाइलवर टाइप करायचे, उजवा अंगठा अजून दुखतो. आणि लिहिलं काय तर पुण्यावर. पुणेरी पाट्या, दुपारी एक ते चार, अमृततुल्यचा चहा, झेड ब्रिजवरचा पाऊस. लोकांना आवडायला लागलं. एक ते चारवरचं जे लिहिलेलं ते माझ्याच मावशीने लातूरहून मलाच फॉरवर्ड केलं, खाली माझं नाव नाही, वर तिची कॉमेंट, "बघ, पुण्याचे लोक किती छान लिहितात." मी तिला सांगितलंच नाही की ते मी आहे. खरं सांगायचं तर मला ते कौतुकच वाटलं. पुण्याच्या लोकांसारखं जमलं की मला! हे असलं काही वर्षभर चाललं, आणि त्या वर्षात मी चार कथा लिहिल्या आणि चार मासिकांना पाठवल्या आणि चारही ठिकाणाहून काही आलं नाही. पूर्वी म्हणे 'साभार परत' तरी यायचं. आता निस्ती शांतता.

पैशासाठी म्हणून नारायण पेठेत एका छोट्या प्रेसमध्ये प्रूफ बघायला लागले. (प्रेस म्हणायचं, मशीन तिथे नाहीच, छपाई बाहेर होते, इथे फक्त जुळणी आणि प्रूफं. पण सगळे प्रेसच म्हणतात.) पानाला बारा रुपये. मला वाटलेलं ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, सोपं काम, वाचायला फुकट मिळतं. तिथे काका होते. काका सत्तरीचे, तरुणपणी खिळे जुळवायचे, शिशाची एकेक अक्षरं उचलून ओळ बनवायची ती पद्धत, त्यामुळे अजूनही मजकूर उलटा धरला तरी वाचतात. आणि त्यांची एक सवय, प्रूफ मोठ्याने वाचायचं. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवून बघत जायचं. आता सगळ्यांचं टाइप केलेलंच येतं, हस्तलिखित कुठे असतं, तरी काका वाचणारच. "डोळा पुढचं आपल्या मनाने वाचून टाकतो गं, कान नाही टाकत." सपाट आवाजात, विरामचिन्हांसकट. "तो म्हणाला स्वल्प अवतरण सुरू मी आता जगू शकत नाही टिंब टिंब टिंब अवतरण बंद."

असल्या आवाजात कुणाचीही कथा टिकत नाही, किंवा मग जी टिकते ती खरंच चांगली असते. दोन सीझन मी हे ऐकलं. कथालेखनाची शिबिरं असतात, मीही एक केलंय, पण मला जे काय कळलं ते बहुतेक त्या खोलीतच कळलं, पंखा बंद ठेवून, कारण पंखा लावला की बटर पेपर उडतात. काय कळलं? एक म्हणजे कथांमध्ये लोकं एकमेकांना अशा गोष्टी सांगतात ज्या दोघांनाही माहितीयत. "तुला तर ठाऊकच आहे सुधा, आपले बाबा दहा वर्षांपूर्वी गेले तेव्हापासून आईने आपल्याला..." अगं सुधाला ठाऊकच आहे तर का सांगतेयस, तिला नाही, तू मला सांगतेयस, वाचणारीला, आणि मला ते कळतंय. काकांनी सपाट आवाजात वाचलं की हे एवढं उघडं पडतं की आम्ही दोघं मान खाली घालून हसायचो. दुसरं, डोळ्यांच्या कडा. एका अंकात पाच कथांपैकी चार कथांत डोळ्यांच्या कडा ओलावल्या होत्या, पाचवीत पाणावल्या होत्या. मी त्या दिवशी घरी जाऊन माझ्या चार कथा उघडल्या. तीन कथांत कडा. चौथीत नायक आंधळा होता म्हणून वाचली. आणि टिंबं, टिंबांवर तर काकांचा फारच राग, "लेखकाला सुचेनासं झालं की रांगोळी काढायला बसतो."

दिवाळी अंकाच्या कथा मुदतीत कधीच येत नाहीत हे पण तिथेच कळलं. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, काका म्हणतात तेव्हापासून लेखक मंडळी "उद्या पाठवतो" म्हणतायत.

तर दुसऱ्या सीझनला मी धीर करून माझी नवी कथा काकांना दिली. नाव नव्हतं घातलं, बाकीच्या कागदांत मिसळून दिली. कथा अशी की पुण्यात राहणारी मुलगी, गावाकडून आई तिच्या रूमवर चार दिवस राहायला येते. बऱ्यापैकी खरीच, मम्मी आली होती तेव्हाची. काका वाचायला लागले. पहिलं पान झालं, झेड ब्रिज, पाऊस, वगैरे, काही बोलले नाहीत. मग आई बोलायला लागली. "बाळा, तू हल्ली फार गप्प गप्प असतेस, मला तुझी काळजी वाटते गं." काका थांबले. चष्मा वर केला.

"ही बाई कुठली?"

म्हणलं, मराठवाड्यातली आहे ना, वर लिहिलंय, एसटीने येते.

"एसटीने येते ते वाचलं. पण उतरल्या उतरल्या सदाशिव पेठेतलं कसं बोलायला लागली?"

मी काहीतरी उत्तर दिलं, की छापायचं म्हणजे प्रमाण भाषाच हवी ना, नियम आहेत ना. माझं तेव्हा नियमांवर फार प्रेम होतं, नवीन नवीन पाठ केले होते. तर काकांनी ड्रॉवरमधून ती नियमांची पातळ पुस्तिका काढली, तेच साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम, चौदा सरकारने १९६२ ला मान्य केलेले आणि मग १९७२ ला चार वाढवलेले, ज्यांच्यामुळे 'नांव' वरचा आणि 'कांहीं' वरचे अनुस्वार गेले. त्यात पात्राच्या तोंडच्या भाषेबद्दलही एक नियम आहे. कथा-कादंबरीत माणसाचं बोलणं त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा आहे. मी तो वाचलेला होता. बहुतेक डोळ्याने वाचला होता.

"ही तुझीच आहे ना कथा?" काकांनी विचारलं. मी गप्प. "वाटलंच. टिंबं कमी आहेत."

घरी आले आणि सरळ मम्मीला फोन लावला, आणि ती जे बोलली ते बोलता बोलता कागदाच्या मागे लिहून घेतलं. "काय करायलीस? जेवलीस का? काय जेवलीस? कव्हा? येवढ्या उशिरा कामून?" बास. पाच प्रश्न. आणि मग मला ते दिसलं जे मला अजूनही नीट सांगता येत नाही पण प्रयत्न करते. 'मला तुझी काळजी वाटते' हे वाक्य मम्मीने मला आयुष्यात कधी म्हणलेलंच नाही. तिच्या बोलण्यात ते वाक्य नाहीच. मी तिची भाषा बदलली होती असं मला वाटत होतं, पण मी बाईच बदलली होती. त्या प्रमाण भाषेतल्या आईला सगळं बोलून दाखवता येत होतं, मन मोकळं करता येत होतं, ती दीड पान बोलायची. ही नाही बोलत. ही डब्याची विचारपूस करते आणि जाताना उशीखाली पाचशेची नोट ठेवून जाते. त्यामुळे नुसतं 'आहेस' चं 'यलीस' करून भागेना, तिचं एक वाक्य बदललं की त्याला मुलीने दिलेलं उत्तर खोटं वाटायचं, ते बदललं की पुढचा प्रसंग उभा राहीना, असं करत करत चौदा पानांतली तीनच्या वर पानं गेली.

आणि हो, 'आई' पण गेली. आमच्या घरात सगळे मम्मी म्हणतात. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरी मम्मीच म्हणायच्या. पण कथेत मम्मी लिहायला हात धजेना, कारण मी वाचलेल्या कथांमध्ये मम्मी असली की ती बहुधा लिपस्टिक लावणारी आणि मुलांकडे लक्ष न देणारी. माझी मम्मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई आहे आणि आख्ख्या गल्लीचे मोदक करून देते. चार दिवस विचार केला आणि लिहिलं मम्मी.

मग उलट गाडी घसरली, तेही सांगते. दुसऱ्या ड्राफ्टला मी एवढी चेकाळले की सगळं बदाबदा ओतलं, लई, बक्कळ, आरं, व्हय, प्रत्येक वाक्यात एक. काकांनी दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, "आता ही सिनेमातली वाटायला लागली." बरोबर होतं. त्यातले निम्मे शब्द मम्मीचे नव्हतेच, ते मी टीव्हीवरच्या 'गावाकडच्या' बायकांकडून उचलले होते. मम्मी तर शाळेत फळ्यावर इतकं शुद्ध लिहिते की इन्स्पेक्शनला साहेब फोटो काढून नेतात, वर्गात प्रमाण बोलते, स्टाफरूममध्ये अर्धं अर्धं, आणि घरी आमचं. गावच्या माणसाला एकच भाषा येते हा पण पुण्याचाच समज, आणि मी तोही उचलला होता वाटतं. तिसऱ्या ड्राफ्टला कथेत मम्मी घरमालकीण आजींशी बोलताना वेगळी बोलते आणि रूमवर आल्यावर वेगळी, आणि मुलीला ते पहिल्यांदाच ऐकू येतं. कथा आता तिथेच संपते. कुणी मरत नाही.

कॉलेजात तीन वर्षं घसा फोडून "आव्वाज कुणाचा" ओरडले, आणि स्वतःच्या कथेबाबत हा प्रश्न विचारायला प्रेसमधला म्हातारा लागला.

ही कथा एका छोट्या दिवाळी अंकाने घेतली. मानधन विचारू नका, मम्मीने विचारलं, "किती द्यायलेत?", आकडा सांगितल्यावर म्हणाली, "असू दे, बोहनी झाली." अंकाची जुळणी योगायोगाने आमच्याकडेच आली, त्यामुळे स्वतःच्या कथेचं प्रूफ स्वतःच बघायची वेळ आली, जे कधीच करू नये, आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत. त्यात अंकवाल्यांचा फोन, सोळा पानांचा एक फॉर्म (एका कागदावर एकदम छापतात तेवढी पानं), तुमच्या कथेमुळे पाऊण पान पुढच्या फॉर्मात चाललंय, कापा. एक पान वाढलं तरी आख्खा फॉर्म वाढतो, मग जाहिराती शोधत फिरा. पूर्वी असतं तर मी रडले असते. मी झेड ब्रिज कापला, पाऊस कापला. मला तो पाऊस आवडायचा, अजून आवडतो, इथे कधीतरी टाकेन. पण एक ते चारसारखं तुम्हाला आवडेल म्हणून नाही टाकणार आता, ते बंद केलंय, त्यावर तीन-चार जणांनी नाराजीही कळवली आहे. कळवू देत.

तर परवाचं ते प्रूफ. अकरा ठिकाणी दुरुस्ती. मी अकरा ठिकाणी शब्दाखाली टिंबं दिली आणि समासात 'मूळप्रमाणे ठेवा' लिहिलं, आणि त्या पोराला बोलावून समजावलं. तो जालन्याचा निघाला. तो म्हणाला, "ताई, आमच्यात पण करायलीसच म्हणतेत, पण मला वाटलं छापायचंय म्हणून." मी त्याला काय बोलणार. चहा पाजला.

रात्री त्या पानाचा फोटो मम्मीला पाठवला. तिने चष्मा शोधून, मोठं करून करून वाचलं असणार, कारण वीस मिनिटांनी फोन आला.

"हे असंच छापायलेत?"

"हो."

"लोक म्हणतील बाईला नीट बोलता येईना."

"नाही म्हणणार."

थोडा वेळ काही बोलली नाही. मला वाटलं आता काहीतरी म्हणेल, मी ऐकत राहिले, मागे दादाचा टीव्ही चालू होता.

"आन वांग्याच्या भाजीत दाण्याचं कूट कव्हा घातलं मी? कारळाचं घालते. ते नीट कर."

सकाळी जाऊन समासात बारावी दुरुस्ती केली. काका मागून वाकून बघत होते. "कारळाचं की कारळ्यांचं?" म्हणाले. आता परत फोन लावावा लागणार, मधल्या सुट्टीत लावते.